अनुमोदकाची सही

काकांना इथल्या आमच्या मराठी मंडळाचं अध्यक्ष करायचं म्हणून मी दोन महिने सिंगापूरभर पायपीट केली, आणि काका अध्यक्ष झाले नाहीत ते माझ्यामुळे. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, तेव्हा ते आधीच लिहून टाकतो.

काका म्हणजे नात्यातले कोणी नव्हेत. मूळचे पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, बेडोकला राहणारे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आणि सभा पाचची असली तर पावणेपाचला पहिल्या रांगेत हजर. दिवाळीच्या कार्यक्रमाला दारूच्या कंपनीचा फलक नको, गणपतीत सिनेमाची गाणी नकोत, लहान मुलांनी मंचावर मराठीतच बोलावं. कोणी काही नवीन सुचवलं की यांचा प्रश्न ठरलेला, ‘‘जुन्यात काय बिघडलंय ते आधी सांगा.’’ तरुण मंडळी त्यांना पाठीमागे ‘पुरातत्त्व खातं’ म्हणायची. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू.

तर अशा माणसाच्या मागे मी का लागलो? आम्ही बौद्ध. मी चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, बायको नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स, यिशुनला भाड्याचा फ्लॅट, पदरात आठ वर्षांची मुलगी. चौदा एप्रिल हा आमच्या घरातला वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. मंडळाच्या कॅलेंडरवर पाडवा होता, कोजागिरी होती, संक्रांत होती. चौदा एप्रिल नव्हता. एका वर्षी आम्ही काही जणांनी सह्या करून रीतसर मागणी दिली. कार्यकारिणीत ‘नाही’ असं कोणीच म्हणालं नाही. हॉल मिळणं कठीण आहे, पाडवा नुकताच झालाय, मंडळात राजकारण नको बुवा, असं सगळं गोड गोड चाललं होतं. असला गोड नकार मी लहानपणापासून ओळखतो.

तेव्हा काका उठले. हातात मंडळाच्या घटनेची पिवळी पडलेली पुस्तिका. ‘‘कलम अकरा,’’ ते म्हणाले. ‘‘पंधरा सभासदांनी लेखी मागणी केली तर तो कार्यक्रम मंडळाच्या नावाने घ्यावाच लागेल. या अर्जावर सतरा सह्या आहेत. पुढचा विषय घ्या.’’

कोणीतरी विचारलं, ‘‘पण काका, तुम्हाला स्वतःला पटतंय का हे?’’

‘‘मला विचारलेलंच नाही,’’ काका म्हणाले. ‘‘घटनेला विचारलंय.’’

घटना लिहिणाऱ्याची जयंती अशी घटनेतल्या कलमामुळे झाली. काका त्या दिवशी वेळेआधी आले, शेवटपर्यंत बसले, आणि जाताना एवढंच म्हणाले की कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, छान. मी घरी येऊन भारावल्यासारखं बोलत होतो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, ‘‘त्यांनी नियम वाचला. वाचता येणाऱ्या माणसाने नियम वाचला याचे आभार कसले मानायचे?’’

तिचा काकांवर राग होता आणि तो फुकटचा नव्हता. बालदिनाच्या कार्यक्रमात आमची मुलगी इंग्रजीत गोष्ट सांगायला लागली तेव्हा काकांनी भर सभेत तिला थांबवलं होतं, ‘‘बाळ, मराठीत सांग, नाहीतर पुढच्या मुलाला येऊ दे.’’ पोर रडत खाली उतरली. तेव्हापासून मंडळाचं नाव काढलं की ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणायची, ‘‘डोन्ट वॉन्ट लाह.’’ पण एक गोष्ट बायकोलाही मान्य होती. मंडळात कधीतरी घरटी एक मत अशी पद्धत पडून गेली होती. घटनेत ‘प्रत्येक सभासद’ असा शब्द आहे हे दाखवून ती मोडायला लावणारे काकाच. नवऱ्याच्या मतात बायकोचं मत धरलेलं नाही, असं त्यांनी सभेत वाचून दाखवलं होतं. तिला स्वतःचं मत मिळालं ते त्यामुळे.

सार्सची साथ ओसरल्यावरच्या पुढच्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक आली. समोरचा उमेदवार तिशीतला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, हसरा, दिलदार. मला यिशुनचा फ्लॅट मिळवून द्यायला त्यानेच मदत केली होती, म्हणजे वाईट माणूस म्हणायची सोय नाही. त्याने प्रचारात सांगून टाकलं, कलम अकरा बदलायचं, कुठलाही कार्यक्रम कार्यकारिणीच्या संमतीनेच होईल. मी त्याला गाठून विचारलं. तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, ‘‘अरे मित्रा, आपण सगळे एकच ना? मग वेगळं काही कशाला?’’ त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. तो निवडून आला तर आमचा चौदा एप्रिल पुन्हा त्या गोड नकाराच्या हवाली होणार होता. काका आले तर ते त्या कलमाला हात लावू देणार नव्हते. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मी काकांचा सूचक झालो. अनुमोदक म्हणून बेडोकचा माझा एक मित्र तयार होता. अर्ज शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत निवडणूक अधिकारी बाईंच्या दवाखान्यात पोचवायचा होता. शुक्रवारी दुपारी मित्राचा एसेमेस आला, ‘सॉरी यार, मला यात ओढू नकोस.’ मी फोन लावला, त्याने उचलला नाही. आणखी तिघांना लावले. एक भारतात, एक मीटिंगमध्ये, एकाने वर्गणी भरलेली नव्हती म्हणून त्याचा उपयोग नाही.

बायकोला आदल्या दिवशी मी सहज विचारून ठेवलं होतं, वेळ पडली तर तू अनुमोदन देशील का. ती म्हणाली होती, ‘‘बघू. विचार करून सांगते.’’ आता ती वॉर्डात होती आणि तिचा फोन लॉकरमध्ये. सव्वापाच झाले होते. मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसलो होतो, ब्रीफकेस गुडघ्यांवर ठेवून. अनुमोदकाच्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं आणि तिची सही ठोकली.

आमच्या मंडळात ते पाणी पिण्याइतकं सोपं होतं. दारातल्या नोंदवहीत एकाने सही करून पुढे ‘अधिक तीन’ लिहायचं, वहिनींची सही राहिली तर भाऊंनी करायची, सगळे तेच करत आले. माझ्या कारखान्यात दुसऱ्याच्या नावाने चेकलिस्टवर नुसती खूण केली तर दुसऱ्या दिवशी माणसाचा पास गेटवर चालत नाही. पण तो कारखाना, आणि हे आपलं घरचं. मी सहाला पाच मिनिटं असताना अर्ज दिला. बाहेर येऊन काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘ताईंनी अनुमोदन दिलं? माझ्यावर राग असताना? मोठं मन आहे हो त्यांचं.’’ मी घाईघाईने ‘ठेवतो’ म्हणालो.

रात्री सांगू म्हटलं, सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. असे नऊ दिवस गेले. मी रोज कोणाकोणाकडे जाऊन काकांसाठी मतं मागत होतो, नियम पाळणारा माणूस हवा म्हणून गळा काढत होतो, आणि घरी येऊन बायकोसमोर मान खाली घालून जेवत होतो. तिने दोनदा विचारलं, बरं नाही का. माझा हिशेब असा की सभा रविवारी, तिला रविवारी ड्यूटी. सभेत सूचक आणि अनुमोदकाने उभं राहायची पद्धत आहे. मी म्हणेन, ड्यूटीवर आहे. मग मतदान होईल, काका निवडून येतील, आणि नंतर कधीतरी हसत हसत सांगून टाकू.

सभा एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये होती. एसी इतका की माणसं आखडून बसली होती. निवडणूक अधिकारी बाईंनी अर्ज हातात घेतले आणि दार उघडून माझी बायको आत आली, मुलीचं बोट धरून. माझ्या शेजारी बसत हळूच म्हणाली, ‘‘ड्यूटी बदलून घेतली. म्हटलं दोघांची भाषणं ऐकून तरी ठरवावं.’’

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. काय सांगणार होतो? बाई वाचायला लागल्याच होत्या. काकांचं नाव. सूचक म्हणून माझं. मी उभा राहिलो. अनुमोदक म्हणून तिचं.

तिला आधी कळलंच नाही. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीकडे पाहत होतो. हॉलमध्ये माणसं वाट पाहत होती, कोणीतरी खोकलं. पहिल्या रांगेतून काका मागे वळले, तिला नमस्कार करायला असावेत, आणि त्यांचे हात अर्ध्यात राहिले. तिचा चेहरा त्यांनी पाहिला. मग ती उभी राहिली. बाई म्हणाल्या, ‘‘धन्यवाद, बसा.’’

चहाची सुट्टी झाली. काकांनी मला बाहेर बॅडमिंटन कोर्टाजवळच्या पॅसेजमध्ये नेलं. ‘‘ताईंना ठाऊक नव्हतं,’’ ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणालो, ‘‘पण आता ती उभी राहिली ना, काका. म्हणजे झालं. आता ते तिचंच अनुमोदन.’’

‘‘त्या उभ्या राहिल्या तुम्हाला वाचवायला. मला अनुमोदन द्यायला नव्हे.’’

‘‘कोणाला कळणार नाही.’’

‘‘मला कळलंय की.’’

‘‘तुम्ही मागे सरलात तर कलम अकरा जाईल.’’

‘‘जाईल,’’ काका म्हणाले. त्यांच्या हातातला चहा तसाच निवत होता. ‘‘मला अध्यक्ष व्हायचं होतं हो. अगदी मनापासून. मुलीला पुण्याला फोन करून सांगितलं होतं. पण उद्या त्या खुर्चीवर बसून मी कोणाला कुठलं कलम वाचून दाखवू?’’

माझा तोल गेला. नऊ दिवसांची भीती रागात उतरली आणि राग त्यांच्यावर निघाला. मी म्हणालो, ‘‘तुमचं तत्त्व राहील आणि आमची जयंती जाईल. तुम्हाला काय फरक पडतो?’’

बोललो आणि जीभ चावली. काकांनी निवलेल्या चहाकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘खरं आहे. मला तुमच्यापेक्षा कमी पडतो.’’ आणि कप कचऱ्याच्या डब्यात टाकून ते आत गेले.

त्यांनी बाईंना सांगितलं, ‘‘माझ्या अर्जात दोष आहे. मी अर्ज मागे घेतो.’’ बाईंनी विचारलं, कसला दोष? काका म्हणाले, ‘‘अर्ज माझा, दोष माझा. नोंद करून घ्या.’’ मागून कोणीतरी म्हणालं, घाबरले. हसण्याची एक लाट पुढे येऊन गेली. काका तसेच ताठ उभे होते. मी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली होती. उठायचं आणि म्हणायचं, दोष यांचा नाही, सही मी केली, बस, एवढंच काम होतं. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, काय झालं?’’ आणि मी उठलो नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. समोरचा उमेदवार बिनविरोध निवडून आला. टाळ्या मीही वाजवल्या.

परतताना एमआरटीत बायको दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. ती मला एरवी ‘तू’ म्हणते. चिडली की ‘तुम्ही’. घरात शिरल्यावर म्हणाली, ‘‘तुम्हाला माहितीये मी उभी का राहिले? पोरगी शेजारी होती म्हणून. तिच्यासमोर तिच्या बापाला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं.’’ मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, ‘‘मी त्यांचं भाषण ऐकायला आले होते. कदाचित त्यांनाच मत दिलं असतं. ज्या माणसामुळे मला माझं मत मिळालं, त्याच्याच अर्जावर तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलंत. आणि त्याला सगळ्यांनी भित्रा म्हटलं ते बसून ऐकलंत.’’ ‘तुम्ही’ दोन महिने चाललं.

कलम अकरा पुढच्या वार्षिक सभेपर्यंत जिवंत होतं, म्हणजे एक चौदा एप्रिल अजून हातात होता. मार्चमध्ये एका संध्याकाळी बायको घरी येऊन म्हणाली, ‘‘आज काका आले होते, हॉस्पिटलला. माझी ड्यूटी संपेपर्यंत खाली बसून होते.’’

‘‘का?’’

‘‘जयंतीच्या मागणीचा कागद घेऊन. मी पूर्ण वाचला. मग विचारलं, माझ्या मुलीला भर सभेत रडवलंत त्याचं काय? म्हणाले, चुकलो, ते नंतर आईवडिलांशी बोलायला हवं होतं. मी विचारलं, म्हणजे मराठीतच बोलावं हे कायम? तर म्हणाले, ते कायम.’’ ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. ‘‘मी केली सही.’’

मी म्हणालो, ‘‘माझ्यासाठी कागद दिलाय का?’’

‘‘मी विचारलं. म्हणाले, पंधरा झाल्या.’’

मी मान हलवली आणि हातपाय धुवायला गेलो. त्या पंधरात बेडोकचा तो मित्रसुद्धा होता. मला मात्र त्यांनी विचारलं नाही. जयंती छान झाली, मी खुर्च्या लावल्या, काकांनी माझ्या नमस्काराला नमस्कार केला. पण शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला सबंध दिवस वाटत होतं.

मग वार्षिक सभा आली. तोच हॉल, तोच एसी. नव्या अध्यक्षाने कलम अकरा बदलण्याचा ठराव मांडला आणि कोणाला बोलायचंय का विचारलं. मी उठलो. कलमाच्या बाजूने बोलायचं असं घरून ठरवून आलो होतो, चार मुद्दे लिहिलेही होते. पण पहिल्या रांगेतली ती पांढऱ्या शर्टातली ताठ पाठ दिसली आणि मुद्दे बाजूलाच राहिले. मी म्हणालो, ‘‘आधी एक सांगायचं आहे. गेल्या वर्षी काकांनी अर्ज मागे घेतला. त्यात जो दोष होता तो त्यांचा नव्हता. अनुमोदकाची सही मी केली होती. माझ्या बायकोला न विचारता, तिच्या नावाने. काकांना ते सभेतच कळलं आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं. त्यांना भित्रे म्हटलं गेलं तेव्हा मी इथेच बसलो होतो.’’

मग अध्यक्ष हसून म्हणाला, ‘‘अरे मित्रा, एवढंच? सगळेच करतो आपण. सोडून दे.’’ हॉलमध्ये माणसं हसली, मोकळी होऊन. कोणीतरी माझी पाठ थोपटली. इतकं स्वस्तात सुटायचं मला खरंच नको होतं.

पहिल्या रांगेतून काका उठले. ‘‘अध्यक्ष महोदय, सोडून कसं देता? सभेपुढे निवेदन झालं आहे. ते इतिवृत्तात यायला हवं.’’ मग ते माझ्याकडे वळले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘‘शब्दशः,’’ ते म्हणाले, आणि बसले.

ठराव नंतर मंजूर झाला. कलम अकरा गेलं. हात वर झाले ते मोजायचीही गरज पडली नाही. चौदा एप्रिल आता आम्ही यिशुनला, आमच्या ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत करतो. माझ्या त्या एका सहीने जे घालवलं ते मंडळात पुन्हा आलं नाही.

पण ठरावाच्या आधीचं थोडं राहिलं. सचिव माझं निवेदन लिहून घेत होता. त्याने मान वर करून मला विचारलं, ‘‘वहिनींचं नावही घालू ना यात?’’

‘घाल की’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी तोंड मिटलं आणि शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं, ‘‘घालायचं का तुझं नाव?’’

ती म्हणाली, ‘‘विचार करून सांगते.’’

सचिव पेन उचलून थांबला. अध्यक्ष थांबला, सगळी सभा थांबली. ती खरोखरच विचार करत होती. काकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग ती म्हणाली, ‘‘घाला.’’